रुपचंद आबांच्या पोटातला देव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात आम्ही आंबेझिरीला पोचलो, तेव्हा एस.टी.तून उतरायलासुद्धा जागा नव्हती. बैलगाड्या सोडलेल्या, सायकली भिंतींना टेकवलेल्या, दोन मेटॅडोर रस्त्यात आडव्या, आणि नारळ-उदबत्ती-लिंबूवाल्यांनी शाळेच्या पायऱ्याही अडवलेल्या. साल एक्याण्णव. माझी बायको सुनंदा सणाला माहेरी आली होती आणि मी तिला पोचवायला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "अहो, बाजार तर साक्रीला भरतो ना?"

एका लिंबूवाल्याने ते ऐकलं. "बाजार नही ताई, देव शे. रुपचंद आबाना पोटमा देव उना."

रुपचंद आबा म्हणजे सुनंदाचे वडील. माझे सासरे.

घरापर्यंतची वाट आम्ही खांद्यांनी उघडत गेलो. अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली बाज टाकलेली होती आणि बाजेवर आबा उताणे पडले होते. आबा मुळातच काडीपैलवान. गंजीफ्रॉक छातीवर गुंडाळलेला, बरगड्या दुरूनही मोजता याव्यात अशा, आणि बेंबीच्या जरा वर, मधोमध, एक हिरवंपिवळं लिंबू ठेवलेलं. ते लिंबू नाचत होतं.

मी थट्टा करत नाही. ते खरोखर नाचत होतं. ठक्-ठक्-ठक् असं वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. कुणी हात लावत नव्हतं, दोरा नव्हता, वारा नव्हता. प्रत्येक उसळीला बायका हात जोडत होत्या. मी धुळ्याला पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसियर. पाइप, व्हॉल्व्ह, दाब यांच्याशिवाय दुसऱ्या कशावर माझा फारसा विश्वास नाही. तरी खरं सांगतो, त्या लिंबाने माझंही तोंड उघडं ठेवलं.

बाजेच्या उजव्या कडेवर एक गुटगुटीत महाराज बसले होते. भगवी लुंगी, डोळ्यांत काजळ, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. नाव कंपनानंद. गावाच्या जिभेला ते नाव जड गेलं, म्हणून सगळे त्यांना भक्तिभावाने 'कंपनी महाराज' म्हणत.

"ॐ ह्रां ह्रीं कंप कंप कंपाय नमः!" महाराज गरजले. "भक्तहो, हा साधा कंप नाही! हा ब्रह्मांडाचा कंप आहे! पृथ्वी का फिरते? कंपाने! पाऊस का पडतो? कंपाने! तुमची सून रुसून माहेरी का जाते?"

"कंपाने!" गर्दी म्हणाली. दोन सुना तेवढ्या गप्प राहिल्या.

"रुपचंदाच्या उदरी स्वयंभू पिंड अवतरली आहे. विचारा, काय विचारायचं ते! लिंबू उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार!"

एक म्हातारी पुढे सरकली. "बाबा, मनी म्हैस हरायनी. सापडी का?"

महाराजांनी डोळे मिटले, मान डोलावली, बसल्याजागी थोडे हलले. लिंबू दोन उसळ्या मारून उजवीकडे घरंगळलं. जयजयकार झाला. म्हातारी रडायलाच लागली. म्हैस कुठे सापडेल हे लिंबाने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

माझा मेव्हणा हिलाल गर्दी आवरत होता. मला पाहून तो धावत आला, पण माझ्या पायांकडे बघून थबकला. "जवाई, तुम्ही आधी पाय धुई ल्या. देवसमोर आशे बूट घाली नका जाऊ."

"हिलालभाऊ, हे कधीपासून?"

"फागुन महिनापासून. आबा दुपारले आडा पडेल व्हतात. पोटवर पाणीना लोटा ठेयेल व्हता, तो हाली ऱ्हायना व्हता! मायनी देखं. तैन्हेच महाराज गावमा उनात. देवनाच खेळ!"

महाराज त्या दिवशी गावात आले होते ते दंतमंजन विकायला, हे मला नंतर कळलं.

सासूबाईंना, भागाबाईंना, आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का ओट्यावर बसून नारळांच्या राशीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर आनंद होता की भीती, ते मला ओळखता येईना. सुनंदाने विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लोके पाय पडतस मना. मी काय करू?"

दुपारी गर्दी जेवायला पांगली, महाराज आमरसावर ताव मारून घोरायला लागले, आणि मी आबांच्या बाजेशी जाऊन बसलो. आबा सगळ्या आयुष्यात हळू बोललेला माणूस. भाऊबंदकीत, पंचायतीत, घरात, कुठेच त्यांचं बोलणं कुणी पुरं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. आता त्यांच्या उशाशी हार होते.

"जवाई, एक ईचारू? कोणले सांगू नका."

"विचारा ना, आबा."

त्यांनी महाराजांच्या घोरण्याचा अंदाज घेतला आणि माझ्या कानाशी आले. "देवनी बी पाठ दुखस का हो?"

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला.

"कंबरपासून वर कळ येस. बसाले जमस नही, झोपाले जमस नही. महाराजले सांगं, तर त्या म्हने पिंड जागी व्हई ऱ्हायनी. आखाजीले त्या पिंड बाहेर काढतीन. वरवंटा फिरावतीन पोटवर."

"वरवंटा?"

"पुरणना वरवंटा नही, दुसरा. मंत्रेल."

मी त्यांना विचारून त्यांच्या पोटावर तळहात ठेवला. कातडीखाली मोसंबीएवढं काहीतरी होतं, आणि ते माझा हात वर ढकलत होतं. वर ढकलत होतंच, पण बाजूलाही फुगत होतं, दोन्हीकडे. एखाद्या पाइपाला दाबाने फुगवटा आला की हाताला जसं लागतं, तसंच ते लागलं. हा देव असेल नसेल, पण दाबाखाली आहे, एवढं मला कळलं.

रात्रीच्या जेवणाआधीच सुनंदा आणि मी ठरवलं. आबांना धुळ्याला डॉक्टरकडे न्यायचं. हिलालला सांगितलं तर तो उसळला. महाराज तर हसलेच. "देव गाव सोडत नसतो, ओव्हरसियर! देवाला का डॉक्टर लागतो?"

"बरोबर," सुनंदा शांतपणे म्हणाली, "मग देवालाच विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भर गर्दीत ती पदर खोचून पुढे झाली. "महाराज, मी घरची लेक. माझा प्रश्न आधी. आबांनी गावातच राहावं का?"

महाराज प्रसन्न झाले. हो म्हणवून घ्यायला इतका सोपा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आदल्या दिवशी मी बराच वेळ उभा राहून एक गोष्ट टिपली होती. महाराज 'ध्यान लावतात' तेव्हा त्यांचं बूड बाजेच्या कडेवरून आत सरकतं. बाज सुताने विणलेली. वजन आत आलं की ती उजवीकडे झुकते आणि लिंबू त्या बाजूला जातं. नकार हवा असेल तेव्हा महाराज हळूच उठल्यासारखं करतात, की बाज सैल होऊन दुसरीकडे कलते. इतका साधा कारभार!

मी डाव्या कडेला उभा होतो. महाराजांनी डोळे मिटले आणि आत सरकले. मी म्हटलं, "आबा, जरा टेकू का?" आणि टेकलो. माझं वजन आमच्या खात्याच्या जीपच्या स्प्रिंगांना चांगलं ठाऊक आहे. बाज करकरली. लिंबू उजवीकडे निघालं होतं, ते मध्येच थांबलं. महाराजांनी एक डोळा उघडला आणि आणखी आत सरकले. मीही सरकलो. पुढारी सभेत खुर्चीवरून भांडतात तसे आम्ही दोघं त्या बाजेवर एकमेकांकडे बघून हसत होतो. शेवटी लिंबाने निकाल दिला. ते सरळ डावीकडे घरंगळून माझ्या मांडीवर पडलं.

"नकार!" सुनंदा ओरडली. "देव नाही म्हणतोय! आबांनी गावात राहायचं नाही!"

गर्दीत कुजबुज झाली. देवाने सांगितलं म्हणजे सांगितलं. महाराज तरी काय करणार? स्वतःच्याच लिंबाला खोटं कसं म्हणणार?

त्याच दुपारी आम्ही एक जीप करून धुळ्याला निघालो. आबांना मागच्या सीटवर आडवं झोपवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, खड्डा आला की थांब, मग ओलांड.

डॉ. प्रमिला बेडसे धुळ्यात सर्जन होत्या. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, साक्रीकडच्याच. दवाखान्यात कुणी आलं की आधी अहिराणी बोलीत विचारणार आणि मग तपासणार.

"या आबा. काय व्हई ऱ्हायनं?"

आबा माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "बाई, यांच्या पोटात देव आहे, असं गाव म्हणतं."

त्या खळखळून हसल्या. मग त्यांनी दोन्ही तळवे आबांच्या पोटावर, त्या गोळ्याच्या दोन बाजूंना ठेवले. प्रत्येक ठोक्याला त्यांचे हात एकमेकांपासून दूर सरकत होते. त्यांचं हसू मावळलं. "बिडी कधीपासून पितस आबा?"

"मिशी फुटनी तैपासून."

"पाठ दुखस?"

आबांनी डोळे खाली घातले. "दुखस."

सोनोग्राफीचं यंत्र धुळ्यात नवंच आलेलं. पडद्यावर करडा धूर दिसत होता, आणि त्या धुरात एक काळा गोल, आक्रसणारा आणि फुगणारा. डॉक्टरांनी मला बोलावून बोट ठेवलं.

"ही महाधमनी. हृदयातून निघालेली शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. छातीतून खाली पोटात येते, कण्याला चिकटून, आणि बेंबीपाशी दोन्ही पायांसाठी दुभंगते. तुमच्या भाषेत मेन लाइन. तुमच्या-माझ्यात ती अंगठ्याएवढी जाड असते. यांची इथे भिंत कमजोर झाली आणि आतल्या दाबाने फुगली. सात सेंटिमीटरच्या वर गेली आहे."

"आणि फुटली तर? गावातले महाराज आखाजीला पोटावर वरवंटा फिरवणार होते."

"फुटली तर आंबेझिरीहून इथपर्यंत कुणी पोचत नाही, साहेब. पुष्कळदा हा फुगा काहीच सांगत नाही. दुखत नाही, खुपत नाही. यांचा सांगतोय. पाठीतली कळ म्हणजे भिंत ताणली जाते आहे. त्यात वरवंटा?"

उपाय एकच होता. ऑपरेशन. तेव्हा ते मुंबईलाच व्हायचं. डॉक्टरांनी फोनाफोनी सुरू केली, रक्तदाब खाली आणायचं औषध चालू केलं, आणि आबांना खाटेवर झोपवून ठेवलं. बिडीचं बंडल त्यांनी स्वतः उशाखालून काढून घेतलं.

पण आबा तयार होईनात. ते भिंतीकडे तोंड करून पडले. सुनंदा समजावून थकली. अखेर डॉक्टर त्यांच्या खाटेवर बसल्या. "आबा, भ्या वाटस का?"

"भ्या नही," आबा भिंतीलाच म्हणाले. "ताई, इतला वरीस मी कोणाबी ओटावर गऊ, कोणी सरकी सनी जागा नही दिन्ही. आते मना नाववर लोके चाली येतस. तुम्ही तो काढी टाकश्यात. मंग मी कोन?"

डॉक्टरांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "ईचार करा. पण आज रातभर नका करा, सकायलोंग सांगा."

सकाळी त्यांच्या उत्तराआधी ढोल आला.

दवाखान्याच्या आवारात एक मेटॅडोर शिरली. तिच्यात आंबेझिरी कोंबलेली. महाराज ड्रायव्हरशेजारी, हिलाल टपावर, मागे बायका, झांजा, आणि मधोमध लाल कापडात गुंडाळलेला तो वरवंटा. अक्काही होत्या. महाराज उतरले ते ओरडतच. "देवाला बंदिवान केलं! पिंडीला सुई टोचली! आमचा देव आम्हाला परत द्या, नाहीतर कंप कोपेल!"

"कंप कोपेल!" गर्दी म्हणाली.

मी घाबरलो. आवारात पोलिस नव्हते आणि पेशंट तर खिडक्यांतून डोकावून मजा बघायला लागले होते. डॉ. प्रमिला पदर खोचून पायऱ्या उतरल्या. "बठ्ठासले राम राम! देव न्यायचा ना? न्या. पण कोणता न्यायचा ते आधी पाहून घ्या. मला वाटतं, तुम्ही येताना एक देव बरोबरच आणलाय."

सगळे चमकले. डॉक्टरांनी हिलालकडे बोट केलं. हिलाल बापासारखाच काटकुळा. "भाऊ, तू ये. बाकावर उताना झोप."

"मी? मी कशाले?"

"झोप रे. तुझ्या पोटात काय आहे बघू."

हिलाल लाजत लाजत झोपला. डॉक्टरांनी त्याला श्वास रोखायला सांगितला. त्याच्या पोटावर बेंबीच्या जरा वर बोट दाबून जागा शोधली आणि त्या जागी केरसुणीची एक काडी मेणाच्या ठिपक्याने उभी केली. काडीचं टोक हललं. पुन्हा हललं. ठक्, ठक्, ठक्.

"अरे, हिलालना पोटमा बी देव!" एक बाई किंचाळली. हिलाल घाबरून उठूनच बसला. "मना पोटमा? मी तर काल मटण खायेल शे!"

हशा पिकला. महाराज घाईने म्हणाले, "पित्याचा कंप पुत्रात उतरला! चमत्कार!"

"थांबा महाराज. अक्का, तुम्ही या पुढे." डॉक्टरांनी भागाबाईंचा हात धरून हिलालच्या मनगटावर ठेवला, नाडी सापडवून दिली. "ठोका लागला की 'हाई' म्हणा. बाकीच्यांनी काडीकडे बघा."

हाई म्हणजे 'हे'. अक्का डोळे मिटून म्हणू लागल्या, "हाई... हाई... हाई..." आणि प्रत्येक 'हाई'बरोबर काडी हलत होती. अगदी बरोबर. मागून बायकाही म्हणायला लागल्या, मग खिडक्यांतले पेशंट. सगळं आवार एका सुरात "हाई, हाई" करत होतं.

"आता हिलाल, त्या झाडाला पळत फेऱ्या मार." हिलाल धापा टाकत परत आला, पुन्हा झोपला. काडी दुप्पट वेगाने फडफडत होती आणि अक्कांची जीभ पुरी पडत नव्हती.

"बघितलं? पळाला म्हणून हृदय जोरात चाललं. हृदय चाललं म्हणून मनगट चाललं, आणि पोटही. देव नाही, रक्त आहे. बारीक माणसाच्या पोटावरून ही मोठी रक्तवाहिनी सगळ्यांनाच दिसते. महाराज, तुम्ही पण झोपा ना. तुमची दिसणार नाही म्हणा, चरबी फार आहे."

महाराज झोपले नाहीत. "मग लिंबू? लिंबू कसं उत्तर देतं?"

आता माझी पाळी होती. वॉर्डातून एक दोरीची बाज आणवली. हिलालला तिच्यावर झोपवलं, पोटावर लिंबू ठेवलं. "विचारा कुणीही." ती म्हैसवाली म्हातारी पुढे आली. "मनी म्हैस सापडी का?" मी उजवीकडून टेकलो. होकार. मी उठून डावीकडून टेकलो. नकार. पुन्हा उजवीकडून. होकार. "आजी, म्हैस सापडणं माझ्या बसण्यावर आहे का? काल सुनंदाच्या प्रश्नाला नकार देवाने दिला नव्हता. माझ्या मांडीने दिला होता."

म्हातारी महाराजांकडे वळली. तिच्या हातात काठी होती. महाराज मेटॅडोरच्या दिशेला थोडे सरकले.

"पण आबांचा ठोका एवढा मोठा का?" हिलालने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

दवाखान्यासमोर पंक्चरवाला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडून सायकलची एक जुनी ट्यूब आणि पंप मागवला. ट्यूब एका ठिकाणी झिजलेली होती. त्यांनी हिलाललाच पंप मारायला लावला. सगळी ट्यूब सारखी फुगली, पण झिजल्या जागी एक गोळा वर आला. आधी लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा. पंपाच्या प्रत्येक दाबाला तो गोळा उसळत होता. अक्का टक लावून बघत होत्या.

"हे आबांचं पोट," डॉक्टर म्हणाल्या. "वय झालं, बिडीने भिंत खाल्ली, रक्तदाब वाढला. मार अजून."

हिलालने मारला. आणखी एक. धडाम्!

गर्दी उडाली. एक बाई झांजांवर बसली. सगळ्यांत लांब उडी महाराजांची होती.

"आता सांगा," डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "कोणाला वरवंटा फिरवायचाय त्याच्यावर?"

अक्कांनी लाल कापडातला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, महाराजांच्या पायाशी आणून ठेवला आणि म्हणाल्या, "हाई तुमना दगड. माले देव नको. माले मना माणूस जोयजे."

वरच्या खिडकीत आबा उभे होते. नर्स त्यांना झोपा म्हणून ओढत होती. त्यांनी ते ऐकलं होतं. सगळ्या संसारात अक्कांनी त्यांच्याबद्दल चारचौघांत असं काही म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नसावं. ते मागे वळले आणि नर्सला म्हणाले, "ताई, डॉक्टरीनबाईले सांगा. मी तय्यार शे."

त्या गोंधळात महाराज कधी निसटले ते कुणी पाहिलं नाही. म्हातारी काठी घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन आली, एवढं खरं.

ॲम्ब्युलन्स आग्रा रोडने मुंबईला निघाली. मागोमाग देवाला न्यायला आलेली तीच मेटॅडोर निघाली. रक्त लागणार होतं आणि हिलालने टपावर चढून विचारलं होतं, "कोन कोन येस?" उतरला कुणीच नाही. काल कंप कोपेल म्हणून ओरडणारी मंडळी मुंबईच्या दवाखान्यात बाह्या सरसावून रांगेत बसली होती.

ऑपरेशन जवळजवळ सगळा दिवस चाललं. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत पोट उघडलं. फुग्याच्या वर आणि खाली चिमटे लावून रक्त थांबवलं, फुगा चिरला, आत कापडाची नळी शिवली आणि फुग्याचीच भिंत वरून पांघरली. तिथले सर्जन अक्कांना समजावत होते, "आजी, ही नळी पॉलिएस्टरची आहे."

"म्हंजे?"

"टेरिलीन म्हणा."

अक्का पहिल्यांदा हसल्या. "लगीनमा टेरिलीनना सदरा मांगा व्हता त्यासनी. मना बापनी दिन्हा नव्हता."

बरं होणं मात्र चमत्कारासारखं झटपट नव्हतं. त्या दिवशी आबा यंत्राच्या श्वासावर होते. मग नाकात नळी, कारण आतडी कामाला लागायला वेळ घेतात. खोकला आला की पोटाशी उशी धरून खोकायचं. नर्सने उभं करून चालवलं तेव्हा त्यांनी तिला अहिराणीत ज्या शिव्या दिल्या, त्या तिला समजल्या नाहीत म्हणून बरं. घरी आल्यावर भूक मेलेली, दुपारी गळून जायचं, बसल्याबसल्या डोळ्यांत पाणी यायचं. सुनंदा घाबरली, तेव्हा डॉ. प्रमिलांनी सांगितलं, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं, महिने जातात, रोज थोडं थोडं चालवा, घागरसुद्धा उचलू देऊ नका. रक्तदाबाची गोळी कायमची. बिडी कायमची बंद. सगळ्यांत अवघड ती बिडी. ज्वारीचं कणीस हाती आलं त्या सुमाराला आबा एकटे शेतापर्यंत जाऊन आले आणि बांधावर बसून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. पाठ दुखत नव्हती.

डॉक्टरांनी हिलाललाही तपासून घेतलं, कारण हा आजार घराण्यात उतरू शकतो. त्याची रक्तवाहिनी ठीक निघाली. आबांनी मग गावातल्या बिडी पिणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे लागायला सुरुवात केली. शेजारचे लोटन नाना त्यांना टाळायला मागच्या दाराने जायचे. एकदा आबांनी त्यांना धरूनच धुळ्याला नेलं. लोटन नानांच्या पोटातही फुगा निघाला, पण लहान. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्याला चिरायची गरज नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बिडी बंद, दाब ताब्यात. वाढला तर बघू.

लोटन नाना परत आले ते रागावलेले. पारावर सगळ्यांसमोर आबांना म्हणाले, "रुपचंद, तुना देवले लोकेसनी नारळ फोडात. मना देवले बिडी बी नही?"

सगळे हसले. आबाही हसले, आणि मग त्या कधी मोठ्याने न बोलणाऱ्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"लोटन, देव जठे ऱ्हास तठे ऱ्हावू दे. पण आंगमा काही नवं हालनं, दुखनं, फुगनं, तर हात जोडाना आगोदर ईचारा, हाई काय शे? काब्रं व्हई ऱ्हायनं? ज्याले म्हाईत शे त्याले ईचारा. मी ईचारं नही. पाठ दुखे, आनि देवले कशी दुखी म्हनीसन गप बसनू. मना जवाईले इतलाच सवाल कया, म्हनून आज तुनासमोर बसेल शे."